चर्चेची मांडणी: प्रतिसादाखाली उपप्रतिसाद की सरळ वेळेनुसार?

द्राक्षवेल | मंगळवार, सकाळी ९.१०

आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. वडील आणि काका त्यात पहिल्यापासून आहेत, मी नंतर आले. गट उत्तम चालतो, पण तिथे लिहिलेलं टिकत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की सकाळपासून संदेशांची रीघ लागते. कुणाच्या पानाखाली डाऊनी रोगाची बुरशी दिसलेली असते, कुणाचे कोवळे घड जिरत, म्हणजे नाहीसे होत असतात, कुणाला भुरी रोगावरच्या फवारणीचा क्रम हवा असतो आणि मध्येच कुणीतरी मजुरांच्या टोळीचा नंबर मागतं. संध्याकाळी यातलं काही शोधायला जावं तर हाती लागत नाही. पुढच्या हंगामात तोच प्रश्न येतो आणि तीच जाणती माणसं पुन्हा पहिल्यापासून लिहीत बसतात.

म्हणून गटासाठी छोटं चर्चास्थळ बांधायला घेतलंय. नोंदणी, फोटो, शोध एवढं झालं आहे. अडलंय मांडणीपाशी. प्रत्येक उत्तर ज्या प्रतिसादाला आहे त्याच्याच खाली, थोडं आत सरकवून दाखवायचं, की जे जसं आलं तसं एकाखाली एक लावायचं?

माझा कल वेळेनुसार लावण्याकडे आहे. हंगामात बागायतदाराचा पहिला प्रश्न असतो, 'सकाळपासून नवीन काय?' उपप्रतिसादांच्या मांडणीत नवीन मजकूर मध्ये कुठेही उगवतो आणि तो हुडकावा लागतो. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं असं की उपप्रतिसाद नसतील तर तीन विषय एकमेकांत मिसळतील आणि आपण फिरून व्हॉट्सअ‍ॅपवरच येऊ. दोन्ही प्रकारच्या स्थळांवर वावरलेले बरेच जण इथे आहेत. कोणती मांडणी कुठे टिकते आणि का, ते सविस्तर लिहाल का?

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ९.४८

तांत्रिक बाजू आधी सांगतो म्हणजे ती वाटेतून दूर होईल. प्रत्येक प्रतिसादाबरोबर दोन गोष्टी साठवा: तो कधी आला, आणि कुणाला उद्देशून आला. या दोन नोंदी असल्या की दोन्ही मांडण्या त्याच माहितीतून निघतात. पूर्वी उत्तराचं उत्तर, त्याचं उत्तर अशी साखळी एका फटक्यात काढणं डेटाबेसला जड जायचं, त्यामुळे ड्रुपलसारख्या संकेतस्थळ बांधायच्या प्रणाली प्रत्येक प्रतिसादाची उपप्रतिसादांच्या झाडातली जागा वेगळ्या सांकेतिक रकान्यात लिहून ठेवतात. आता पोस्टग्रेस ८.४ पासून (२००९) आणि मायएसक्यूएल ८.० पासून (२०१८) या डेटाबेसमध्ये ही साखळी एकाच विचारणीत मिळते. कष्ट फारसे नाहीत.

मी तर दोन्ही पर्याय देईन. ज्याला जसं वाचायचं तसं त्यानं वाचावं.

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ११.०५

या वादाची मुळं पाहिली की बरंच उलगडतं, म्हणून थोडं मागे जातो.

१९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लॅटो नावाच्या संगणकावर डेव्हिड वुली यांनी 'नोट्स' तयार केलं. एक मूळ टिपण आणि त्याखाली आलेल्या क्रमाने उत्तरं. सगळे पडदे एकाच मध्यवर्ती संगणकाला जोडलेले होते, त्यामुळे कोणतं उत्तर आधी आणि कोणतं नंतर याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. क्रम सगळ्यांना सारखाच दिसायचा.

यूजनेट या जुन्या चर्चेच्या जाळ्याचं तसं नव्हतं. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठात त्याची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते सुरू झालं. तिथे मध्यवर्ती संगणकच नव्हता. संदेश एका यंत्रावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, बऱ्याचदा रात्री फोनच्या तारेवरून जायचे. तुमच्या यंत्रावर उत्तर आधी पोचायचं आणि मूळ प्रश्न दुसऱ्या दिवशी! अशा जाळ्यात 'वेळेनुसार' म्हणजे कुणाच्या घड्याळानुसार? म्हणून प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर तो कोणत्या संदेशांना उद्देशून आहे याची ओळख लिहायची पद्धत पडली. १९८७ च्या आरएफसी १०३६ या यूजनेट संदेशांच्या मानकात पाठपुराव्याच्या संदेशांसाठी ती ओळ आवश्यक केलेली आहे. लॅरी वॉल यांच्या 'आरएन' या संदेश वाचायच्या प्रणालीवरून पुढे वेन डेव्हिसन यांनी 'टीआरएन' केलं, ते याच ओळींवरून चर्चेचं झाड काढून दाखवायचं. नेटस्केपच्या मेलमध्ये जेमी झविन्स्की यांनी लिहिलेली जोडणीची पद्धतही याच ओळी वापरते, आणि मधला संदेश पोचलेला नसेल तर त्याची जागा रिकामी धरून पुढची साखळी जोडते.

तेव्हा उपप्रतिसादांची मांडणी ही मुळात अनिश्चित क्रमावरची तोड होती. अवतरण द्यायची शिस्तही तिथलीच. समोरच्याकडे मूळ संदेश पोचला असेल याची खात्री नाही, म्हणून संबंधित दोन ओळी उचलायच्या आणि त्यांच्याखाली आपलं म्हणणं लिहायचं.

द्राक्षवेल यांचं सगळं एकाच सर्व्हरवर असणार. यूजनेटची अडचण त्यांना नाही, पण अवतरणाची शिस्त मात्र त्यांनी जरूर घ्यावी.

कोराकागद | मंगळवार, दुपारी १.३०

मी अनेक वर्षं एका स्थळावर संपादनाचं काम केलं आहे. अर्धविराम यांच्या 'दोन्ही पर्याय द्या' या सल्ल्यावर मला ठामपणे असहमती नोंदवायची आहे.

वाचक मांडणी निवडतो तेव्हा तो वाचनाची सोय निवडत असतो. पण तोच वाचक लिहितोही, आणि समोर जसं दिसतं तसं लिहितो. उपप्रतिसाद असलेल्या ठिकाणी माणूस 'हेच म्हणतो', 'असहमत', 'याचा दुवा द्याल का?' एवढंच लिहून मोकळा होतो, कारण कुणाला लिहिलं ते जागेवरूनच कळतं. तेच वाक्य वेळेनुसार वाचणाऱ्यापुढे एकटं येऊन पडलं की त्याचा काही अर्थ लागत नाही. उलट, वेळेनुसार वाचणारा पानाच्या तळाशी असलेल्या चौकटीत लिहितो. त्याचं उत्तर खरं असतं चौथ्या प्रतिसादाला, पण प्रणाली ते मूळ लेखाला किंवा शेवटच्या प्रतिसादाला चिकटवते. झाड पाहणाऱ्याला मग चुकीच्या फांद्या दिसतात. व्हीबुलेटिन या चर्चास्थळांच्या प्रणालीत सरळ, मिश्र आणि झाडाची अशा तिन्ही तऱ्हा होत्या, स्लॅशडॉट या चर्चास्थळावरही निवड होती. जिथे निवड आहे तिथे लिहिणारा एका मांडणीत असतो आणि वाचणारा दुसऱ्या, हे गृहीत धरावं लागतं.

आपल्या मराठी चर्चास्थळांतच बघा. मायबोली १९९६ पासूनची. तिथे प्रतिसाद वेळेच्या क्रमाने असतात, त्यामुळे समोरच्या आयडीचं नाव घेऊन बोलायची तिथे सवय आहे. एकाच पोस्टीत तिघांना उत्तरं देणारे बरेच दिसतात. मिसळपाव (२००७) आणि ऐसी अक्षरे (२०११) इथे उपप्रतिसाद आहेत, म्हणून तिथे एका वाक्याचा झटपट संवाद रंगतो. माणसं बरीचशी तीच, तिन्हीकडे लिहिणारी. लिहिण्याची तऱ्हा मात्र जागेप्रमाणे बदलते.

आता भांडणाचं. उपप्रतिसादांत दोघांची जुंपली की ते आत आत सरकत जातात आणि बाकीचे त्यांना ओलांडून पुढे जातात. चर्चा बचावते, पण त्या दोघांना कुणी आवरतही नाही. वेळेच्या क्रमात तेच भांडण सगळ्यांच्या वाटेत येतं, म्हणून तिसरा माणूस लवकर मध्ये पडतो. ओळखीच्या माणसांच्या गटात मला हे दुसरं बरं वाटतं. हजारो अनोळखी लोक असतील तर पहिलं.

आणि एक घरातली अडचण: झाडाच्या मांडणीत मधला प्रतिसाद उडवला तर त्याखालची उत्तरं पोरकी होतात. 'प्रतिसाद काढून टाकला आहे' अशी पाटी तिथे ठेवावीच लागते. हे आधी बांधा, नंतर जोडायला गेलात तर फार त्रास होतो.

सईसांज | मंगळवार, रात्री ८.२०

टोरंटोहून लिहितेय, आणि उपप्रतिसादांची बाजू घेणार आहे.

आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. तुमची दुपार-संध्याकाळ रंगात येते तेव्हा मी झोपलेली असते. मी वाचायला बसते तोवर चर्चा चार पानं पुढे गेलेली. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं मला नेमकं उत्तर माहीत असतं, पण ते चौथ्या पानाच्या शेवटी जाऊन पडतं. तिथे वेगळंच काही चाललेलं असतं, त्यामुळे ते कुणाच्या नजरेत भरत नाही. उपप्रतिसाद असले की उशिरा आलेल्या माणसाचं उत्तरही योग्य जागी बसतं. परदेशातल्या मराठी माणसांसाठी ही लहान गोष्ट नाही. उशिरा येणं हीच आमची रोजची स्थिती आहे.

शिवाय वर्षभरानं शोधातून आलेल्या वाचकाचा विचार करा. त्याला 'सकाळपासून नवीन काय' याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला प्रश्न आणि त्याखाली त्याचं उत्तर हवं असतं.

फक्त एक सावधगिरी. झाड लावलं की पुढचा प्रश्न येतोच: सख्खी भावंडं असलेल्या प्रतिसादांत आधी कोणता दाखवायचा? रेडिट २००५ मध्ये सुरू झालं आणि तिथे मतांवर क्रम ठरू लागला. आधी लिहिणाऱ्याला आधी मतं मिळतात, मतं मिळाली म्हणून तो वर राहतो, वर राहिला म्हणून आणखी मतं. २००९ मध्ये त्यांनी 'बेस्ट' हा क्रम आणला. तो विल्सनच्या संख्याशास्त्रीय सूत्रावर चालतो: मतं कमी असतील तर खात्री कमी धरायची, आणि नव्या पण चांगल्या प्रतिसादाला वर यायची संधी द्यायची. तेव्हा झाड निवडलंत तर हा निर्णयही घ्यावा लागेल.

द्राक्षवेल | मंगळवार, रात्री ९.०२

@सईसांज, वर्षभरानं येणाऱ्या वाचकाचा मुद्दा नेमका आमच्या दुखण्यावर बोट ठेवणारा आहे. तेवढ्यासाठीच तर हे बांधतेय.

मतांचं मात्र मला नको वाटतं. बागायतीत ज्याची बाग मोठी त्याच्या शब्दाला वजन असतं, आणि काढणी जवळ आल्यावर दिलेला फवारणीचा चुकीचा सल्ला केवळ मोठ्या माणसाचा म्हणून वर गेला तर पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर, मोडला जाईल. औषधाचा अंश मण्यात राहिला की निर्यातीचा माल नाकारला जातो. एका घरचं अख्खं वर्ष जातं. अशा ठिकाणी लोकप्रियतेवर क्रम लावायची जोखीम मी घेणार नाही.

श्रवणभक्ती | बुधवार, सकाळी ७.४०

मी दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वापरतो. अजून कुणी हा मुद्दा काढला नाही म्हणून लिहितो.

तुम्ही डोळ्यांनी पाहता तो 'आत सरकवलेला' प्रतिसाद मला आत सरकलेला ऐकू येत नाही. डाव्या बाजूला मोकळी जागा सोडली, एवढंच पानाच्या सजावटीत लिहिलेलं असेल तर पडदावाचक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मला सगळं एकामागून एक ऐकू येतं आणि ते वेळेच्याही क्रमात नसतं, म्हणजे माझ्याकडे कोणताच क्रम उरत नाही. काही स्थळं उपप्रतिसाद यादीत यादी अशा रचनेत घालतात. मग पातळी कळते, पण दर उत्तराआधी 'यादी, दोन घटक', 'यादी, एक घटक' असं ऐकावं लागतं आणि मूळ बोलणं हरवतं.

मला सर्वांत सोयीचं पडतं ते असं: प्रतिसाद वेळेच्या क्रमाने, प्रत्येकाला लिहिणाऱ्याच्या नावाचा मथळा, आणि मथळ्यानंतर लगेच 'अमुक यांना उत्तर' हा दुवा. एच ही कळ दाबली की मी पुढच्या मथळ्यावर जातो, दुव्यावर एंटर केलं की मूळ प्रतिसादावर. पातळी मथळ्याच्या क्रमांकातून दाखवायचा विचार असेल तर एचटीएमएलमध्ये मथळ्याच्या पातळ्या सहाच आहेत हे लक्षात घ्या.

तुमच्या गटात आज कुणी दृष्टिहीन नसेल. पण वय झालेले बागायतदार फोनला मजकूर वाचून दाखवायला सांगतात, त्यांचीही अडचण हीच.

अर्धविराम | बुधवार, सकाळी १०.१५

@श्रवणभक्ती, हे फार मोलाचं आहे. मथळा आणि दुव्याची रचना मी माझ्याही कामात वापरणार.

@कोराकागद, लिहिणारा एका मांडणीत आणि वाचणारा दुसऱ्या, हा मुद्दा पटला. त्याला धरूनच पुढचं. सॉफ्टवेअरवर लिहिणारे जोएल स्पोल्स्की यांनी २००३ मध्ये आपल्या चर्चास्थळाची रचना समजावताना लिहिलं होतं की फांद्या फुटणारी चर्चा प्रोग्रामरला तर्कशुद्ध वाटते, पण प्रत्यक्षातलं बोलणं तसं चालत नाही. त्यांनी उत्तराचा दुवा मुद्दाम पानाच्या तळाशी ठेवला होता, म्हणजे लिहिण्याआधी बाकीचे प्रतिसाद डोळ्यांखालून जावेत. जेफ अ‍ॅटवूड यांनी २०१२ च्या अखेरीस सपाट, म्हणजे आत न सरकवलेल्या मांडणीची बाजू मांडली आणि २०१३ मध्ये डिस्कोर्स ही चर्चास्थळाची प्रणाली जाहीर केली. त्यात प्रतिसाद वेळेनुसारच लागतात. उत्तर कुणाला आहे ते नावासकट दिसतं, तिथे टिचकी मारली की मूळ प्रतिसाद जागच्या जागी उलगडतो. एखाद्या प्रतिसादाला आलेली उत्तरंही त्याखाली उघडून पाहता येतात. म्हणजे क्रम वेळेचा आणि नातं दुव्यातून.

फोनचाही विचार करा. बागेत उभं राहून वाचणारा माणूस फोनवरच वाचणार. पाचव्या-सहाव्या पातळीला ओळ इतकी अरुंद होते की 'फवारणीनंतरच्या' हा एक शब्दही मावत नाही. वर्डप्रेसनं २००८ मध्ये २.७ आवृत्तीत उपप्रतिसाद आणले तेव्हाच पातळ्यांना मर्यादा घालायची सोय ठेवली होती. यूट्यूब तर बरीच वर्षं एका पातळीपुढे आत सरकतच नव्हतं.

बोरूबहाद्दर | बुधवार, दुपारी १२.५०

आणखी एक उदाहरण घ्या. स्लॅक या कार्यालयीन संदेशांच्या अ‍ॅपनं २०१७ मध्ये धागे आणले. त्यात उत्तरं मूळ संदेशाच्या पोटात जातात आणि मुख्य प्रवाहात दिसत नाहीत. म्हणून त्यांना 'हे उत्तर मुख्य प्रवाहातही पाठवा' अशी चौकट द्यावी लागली. उपप्रतिसाद मजकूर नीट लावतात, पण बाकीच्यांपासून लपवतातही.

झुलिप या मुक्त प्रणालीची तोड मला अधिक आवडते. तिथे संदेश पाठवतानाच त्याचा विषय लिहायचा असतो. प्रत्येक विषयाच्या आत सगळं वेळेनुसार. विषय भरकटला तर पुढचे संदेश उचलून नव्या विषयात हलवता येतात. द्राक्षवेल यांच्या सहकाऱ्याला जी भीती आहे, तीन विषय मिसळण्याची, तिच्यावर उपाय प्रतिसादांना आत सरकवण्यात नाही. डाऊनी, घड जिरणे आणि मजूर यांचे धागेच वेगळे हवेत, आणि मिसळलेला धागा फोडण्याचा अधिकार दोन-चार जाणत्या माणसांच्या हाती हवा.

कोराकागद | बुधवार, दुपारी १.१५

धागा फोडण्याच्या सूचनेला अनुमोदन. पण हंगामात तो फोडणार कोण? ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीच जाणती माणसं पहाटेपासून बागेत असतात. हे काम ज्याच्याकडे बाग नाही अशा कुणाकडे द्या, शक्यतो दोघांकडे.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९.३५

तासगावहून लिहितोय. बाग माझी, प्रोग्रामिंगमधलं मला फारसं कळत नाही. पण धागा पहिल्यापासून वाचला आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही असं वाटलं.

तुम्ही सगळे 'वेळेनुसार' म्हणताय ते तारखेनुसार. आमच्याकडं वेळ तारखेवर चालत नाही, छाटणीवर चालते. कुणी विचारलं की प्लॉट कसा आहे, तर आम्ही तारीख सांगत नाही, 'बेचाळिसावा दिवस' असं सांगतो. सटाणा-कळवण भागात आगाप छाटणी होते, जुलै-ऑगस्टमध्येच. निफाडला बराचसा ऑक्टोबर. आमच्याकडं कुणाचा सप्टेंबर तर कुणाचा ऑक्टोबर. आता दहा नोव्हेंबरला पाऊस झाला आणि तिघांनी एकाखाली एक लिहिलं. एकाचा प्लॉट पोंग्यात, म्हणजे डोळे फुटताना आहे, दुसऱ्याचा फुलोऱ्यात, तिसऱ्याच्या मण्यात पाणी उतरायला लागलंय, म्हणजे मणी पिकायला लागलेत. तारीख एक, पण तिघांची वेळ वेगळी. फुलोऱ्यातल्या बागेला जो सल्ला दिला तो पाणी उतरलेल्या बागेत वापरला तर नुकसान ठरलेलं.

म्हणून माझं मागणं एवढंच, ताई, की नावाशेजारी तारखेबरोबर छाटणीनंतरचा दिवसही दिसू द्या. आणि पुढच्या वर्षी जुनं वाचताना दिवसाप्रमाणे लावून बघता यावं. माझा अडतिसावा दिवस असेल तर मागच्या वर्षी कुणाकुणाच्या पस्तीस ते बेचाळीस दिवसांत काय झालं तेवढंच समोर यावं, मग ते सटाण्यात ऑगस्टला लिहिलेलं असो की निफाडला नोव्हेंबरात.

सईसांज | गुरुवार, पहाटे ४.१०

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उशिरा येणाऱ्याची जी अडचण मी मांडत होते ती तुमच्या मांडणीत उरतच नाही. दुसऱ्याच्या तारखेला मी उशिरा आले तरी माझ्या दिवसाला वेळेवरच आलेली असते.

अर्धविराम | गुरुवार, सकाळी ८.५५

करायला अवघड नाही. प्रत्येक सभासदाच्या खात्यात प्लॉट आणि छाटणीची तारीख एकदाच नोंदवून घ्यायची, बाकी वजाबाकी संगणक करेल. प्रतिसाद लिहिताना प्लॉट निवडला की झालं. फक्त तो दिवस प्रतिसादाबरोबर कायमचा साठवा, दर वेळी नव्यानं मोजू नका. पुढच्या वर्षी छाटणीची तारीख बदलली की जुने आकडेही बदलतील.

द्राक्षवेल | गुरुवार, सकाळी १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री वडिलांना कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, 'हे आधी कर, बाकीचं मागून.'

ठरवलंय ते असं. धाग्याच्या आत प्रतिसाद वेळेनुसार, सर्वांना एकच मांडणी. आत सरकवणं कुठेच नाही. उत्तर देताना मूळ प्रतिसादातल्या एक-दोन ओळी निवडल्या की त्या वर दिसतील आणि श्रवणभक्ती यांनी सांगितल्याप्रमाणे मथळ्याखालीच मूळ जागेचा दुवा असेल. उशिरा आलेलं उत्तर मूळ प्रश्नाखालच्या दुव्यातूनही उघडेल, म्हणजे सईसांज यांचं उत्तर चौथ्या पानावर पडलं तरी पहिल्या पानावरून दिसेल. धागे फोडायचं काम माझ्याकडे आणि माझ्या मावसबहिणीकडे, आम्हा दोघींकडे हंगामात बाग नसते. मतं नाहीत. संपलेल्या हंगामाचे धागे छाटणीच्या दिवसाप्रमाणे लावता येतील. आजचा धागा मात्र तारखेनेच चालेल, कारण पाऊस सगळ्यांकडे एकाच तारखेला येतो.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ८.४५

छान. एकच लक्षात ठेवा, ताई. खरड छाटणी आणि फळ छाटणी वेगळी धरा. नाहीतर एप्रिलच्या खरड छाटणीचा तिसावा दिवस आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीचा तिसावा दिवस एका रांगेत येतील, आणि एप्रिलात काडी तयार करायला जे सांगितलं ते कुणीतरी घडावर करून बसेल.

द्राक्षवेल | गुरुवार, रात्री ९.२०

हो, छाटणीचा प्रकार निवडल्याशिवाय दिवस नोंदवताच येणार नाही असं करते. चाचणीसाठी तुमचा एक प्लॉट घालू का? तारीख व्यक्तिगत निरोपातून कळवा.